पाणबुड्यांची साधने : निवड आणि पारख

(वाघोली येथे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. समुद्र येथून शेकडो मैल नसला तरी घाटाच्या पलीकडे आहे. पाणबुड्यांचे मुखवटे, हवेचे सिलिंडर आणि रेग्युलेटर यांची चर्चा मालवणात किंवा तारकर्लीत शोभेल. नगर रस्त्यावरील वाघोलीत तिचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या गावाच्या शिवारातच आहे. पुण्याच्या इमारतींना आणि रस्त्यांना लागणारा काळा दगड व खडी या परिसरातील खाणींनी वर्षानुवर्षे पुरविली. खाण खोल जाते, दगड संपतो किंवा परवाना संपतो, काम थांबते, आणि मागे उरलेल्या खड्ड्यात पावसाचे व झऱ्यांचे पाणी साठते. तळ्याला घाट असतो, नदीला उतार असतो. खाणीला यांपैकी काहीच नसते. कडा सरळ कापलेली असते आणि काठापासून एका पावलावर पाणी कित्येक पुरुष खोल असते. उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुले, धुणे धुवायला गेलेल्या स्त्रिया, पाय घसरलेला कामगार यांना वर यायला हाताला धरण्यासारखे काही मिळत नाही. खाणकामगारांची वस्ती खाणीच्या काठीच असते. त्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेने या भागात पाषाण शाळा चालविल्या, हे आपणांस ठाऊक आहे. ज्या मुलांना शाळेत आणण्यासाठी एवढे कष्ट घेतले, तीच मुले या पाण्याच्या सर्वांत जवळ राहतात.

अशी दुर्घटना घडली की गावातून मागणी येते : पाणबुड्यांचा संच खरेदी करा. मागणी न्याय्य असते. मग माहितीपत्रके येतात, विक्रेते येतात आणि अ‍ॅक्वालंग घ्यावे की स्कूबाप्रो, मारेस घ्यावे की क्रेसी, असा वाद सुरू होतो. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. येथील अग्निशमनाची जबाबदारी आता महानगरपालिकेची आहे. परंतु राज्यात खाणी, शेततळी, पाझर तलाव आणि खोल विहिरी असलेली हजारो गावे आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्यापुढेही आज ना उद्या येणार आहे. म्हणून या नावांची पारख कशी करावी, कोणत्या क्रमाने करावी आणि खरेदीच्या कागदात काय लिहावे, एवढ्यापुरताच विचार आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम कोणती साधने?

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. पाण्याखाली गेलेल्या माणसाच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. दूरच्या केंद्रावरून पाणबुडा येईपर्यंत ही मिनिटे निघून गेलेली असतात. त्यामुळे पाणबुड्यांच्या पथकाचे काम बहुधा शोधाचे असते. प्राण वाचविण्याचे काम काठावरच्या माणसांना करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरविला आहे तो याच कारणाने.

म्हणून ज्या गावाकडे थोडाच निधी आहे, त्याने तो पहिल्यांदा कुंपण, फलक, काठावर टांगलेली तरंगती कडी, तीस मीटर दोर, लांब बांबू आणि खाणीच्या कडेला पक्की बसविलेली लोखंडी शिडी यांवर खर्च करावा. खाणकामासंबंधीच्या कायद्याने उघड्या खाणीच्या कडेला कुंपण घालण्याची जबाबदारी खाण चालविणाऱ्यावर टाकली आहे. ती पार पाडली जाते की नाही, हे पाहणे हे खरेदीपेक्षा स्वस्त काम आहे. शिक्षकांनी मुलांना तीन गोष्टी पाठ करून द्याव्यात : मोठ्याने हाक मारा, दोर किंवा बांबू टाका, स्वतः पाण्यात उडी मारू नका. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर त्याला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि मग छातीवर दाब. हे एका दुपारच्या प्रात्यक्षिकात शिकता येते. ११२ आणि १०८ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत.

एवढे झाल्यावर पाणबुड्यांच्या साधनांचा विचार करणे योग्य ठरते.

साधन आले कोठून?

पाण्याखाली माणूस स्वतःबरोबर हवा घेऊन मोकळा फिरू शकतो, ही सोय १९४३ साली फ्रान्समध्ये झाली. नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ती सिद्ध केली. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालविल्या जात. इंजिनाने मागणी केली तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्यां यांनी तयार केली होती. माणसाच्या श्वासालाही तीच युक्ती लावता येईल, हे लक्षात आल्यावर रेग्युलेटर तयार झाला. १९४६ साली त्याच्या उत्पादनासाठी ला स्पिरोटेक्निक ही कंपनी निघाली. अ‍ॅक्वालंग हे नाव तिच्याकडून पुढे आले. त्याच वर्षी इटलीत जेनोआ येथे क्रेसी आणि १९४९ साली रापाल्लो येथे मारेस या कंपन्या सुरू झाल्या. स्वीडनची पोसायडन १९५८ सालची, अमेरिकेची स्कूबाप्रो १९६३ सालची. इंग्लंडची अपेक्स थंड आणि गढूळ पाण्यातील रेग्युलेटरसाठी नावाजली.

ही नावे जुनी असली तरी त्यांची मालकी बदलत असते. मारेस ही हेड समूहात गेली, अपेक्स अ‍ॅक्वालंगच्या समूहात आली, आणि २०२५ साली अ‍ॅक्वालंग समूह आपल्याकडे घेत असल्याचे हेड समूहाने जाहीर केले. माहितीपत्रकात दोन प्रतिस्पर्धी म्हणून छापलेली नावे उद्या एकाच छपराखाली असू शकतात. नावाच्या जुनेपणावर विसंबून खरेदी करू नये, याचे हे एक कारण. दुसरे कारण असे की या सर्व कंपन्या स्वस्त आणि महाग, साधी आणि कसलेली, अशी अनेक प्रकारची साधने बनवितात. तेव्हा कंपनी कोणती, या प्रश्नाआधी प्रकार कोणता, हा प्रश्न सोडवावा लागतो. आणि प्रकार ठरतो तो आपल्या पाण्यावरून.

आपले पाणी कसे आहे?

तारकर्लीला पर्यटकाला प्रवाळ आणि मासे पाहावयाचे असतात. खाणीतील पाणबुड्याला बहुधा स्वतःचा हातही दिसत नाही. तळाशी दगडाची भुकटी आणि गाळ असतो. पायाचा एक फटका बसला की सारे पाणी ढवळून निघते. तळाला लोखंडी सळ्या, तारा, जुने दोर, झाडांच्या फांद्या, टाकून दिलेली यंत्रे असतात. पाणी साचलेले असल्याने रोगजंतूंचे भय असते. असा शोध डोळ्यांनी घेता येत नाही. दोराला बांधलेला पाणबुडा हातांनी चाचपत तळ धुंडाळतो आणि काठावरचा दोरवाला दोराच्या झटक्यांनी त्याला दिशा देतो.

आपल्या पाण्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. पाणबुडा किती खोलीवर किती वेळ राहू शकतो, हे सांगणारी कोष्टके समुद्रसपाटीसाठी केलेली असतात आणि साधारणतः ३०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर ती सुधारून वापरावी लागतात. ही सुधारणा केली नाही तर रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे, पाठीचा कणा किंवा मेंदू यांना इजा होण्याचा धोका वाढतो. मनगटावर बांधावयाचे संगणक घेताना ते उंचीचा हिशेब आपोआप करतात की हाताने लावावा लागतो, आणि गोड्या पाण्यासाठी त्यांत वेगळी योजना आहे काय, हे विचारलेच पाहिजे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच ते तीन टक्के जड असते. त्यामुळे कमरेला बांधावयाच्या शिशाच्या वजनाचा हिशेबही येथे वेगळा होतो. समुद्रात शिकलेला पाणबुडा तेवढेच वजन घेऊन खाणीत उतरला तर गरजेपेक्षा जड होऊन झपाट्याने खाली जातो.

प्रत्येक साधनाची पारख

आता एकेक साधन घेऊ.

पहिला रेग्युलेटर. याचे दोन भाग असतात. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा सिलिंडरमधील प्रचंड दाब उतरवितो आणि तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा श्वासापुरती हवा देतो. पहिला टप्पा दट्ट्याचा किंवा पडद्याचा असतो. दट्ट्याची रचना साधी आणि हवेचा पुरवठा भरपूर असतो. स्कूबाप्रोचा एम के २५ हा या प्रकारचा नावाजलेला नमुना आहे. परंतु साध्या दट्ट्याच्या रचनेत बाहेरचे पाणी आतल्या कमानीपर्यंत पोहोचते आणि त्याबरोबर गाळही. पडद्याच्या रचनेत आतले भाग पाण्यापासून वेगळे राहतात, आणि वर आणखी एक पडदा लावून तो पूर्ण बंद करता येतो. अपेक्सचे बहुतेक नमुने, स्कूबाप्रोचे एम के १७ आणि एम के १९, क्रेसीचा एम सी ९ याचा बंद प्रकार, ही त्याची उदाहरणे. खाणीच्या गढूळ पाण्यासाठी पूर्ण बंद असा पडद्याचा, समतोल पहिला टप्पा मागावा. समतोल म्हणजे सिलिंडरमधील हवा संपत आली तरी श्वास जड होऊ न देणारा. दमलेल्या आणि घाबरलेल्या माणसाला याचे मोल कळते. युरोपीय प्रमाणक ईएन २५० यानुसार तपासलेला रेग्युलेटरच घ्यावा. हे प्रमाणक श्वास घेण्यास किती श्रम पडतात ते मोजून ठरविलेले आहे. विक्रेत्याच्या स्तुतीपेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह असतो.

दुसरी जोडणी. रेग्युलेटर सिलिंडरवर दोन प्रकारे बसतो : बाहेरून पकडणाऱ्या चापाने, अथवा आट्यांनी आत फिरवून. आट्यांच्या जोडणीला डिन म्हणतात. ती दगडावर आपटून निसटण्याचा संभव कमी असतो, म्हणून खाणीच्या कामाला ती चांगली. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की तालुक्यातील, जिल्ह्यातील आणि शेजारच्या पथकांची जोडणी एकच असावी. एकाचा सिलिंडर दुसऱ्याच्या रेग्युलेटरला बसला नाही, तर ऐन वेळी दोन्ही निरुपयोगी होतात.

तिसरा मुखवटा. पर्यटकाला डोळे व नाक झाकणारा साधा मुखवटा पुरतो. दूषित पाण्यात संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा लागतो. त्यात पाणी तोंडात जात नाही, बेशुद्ध झालेल्या पाणबुड्याच्या तोंडातून नळी सुटत नाही आणि काठाशी बोलण्याची यंत्रणा बसविता येते. स्वीडनच्या इंटरस्पिरोचा डिव्हेटर, जर्मनीच्या ड्रेगरचा पॅनोरामा, अमेरिकेच्या ओशन टेक्नॉलॉजी सिस्टिम्सचा गार्डियन ही यातील प्रसिद्ध नावे. हा मुखवटा महाग असतो आणि त्याचा वेगळा सराव लागतो. सराव नसलेल्याला तो देणे धोक्याचे आहे.

चौथे तरंगणे सांभाळणारे जाकीट. अनेक खिसे आणि लोंबणारे पट्टे असलेले जाकीट पर्यटनात सोयीचे; तारा आणि फांद्यांत तेच अडकते. आटोपशीर, भक्कम शिवणीचे जाकीट घ्यावे. दोर बांधण्यासाठी जाकिटाखाली स्वतंत्र कमरपट्टा असावा, म्हणजे जाकीट कापून टाकावे लागले तरी माणूस दोराला राहतो. प्रत्येक पाणबुड्याजवळ दोर व तार कापण्याची दोन साधने, दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेली असावीत.

पाचवा सिलिंडर. येथे कंपनीच्या नावापेक्षा कायदा मोठा आहे. दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मान्यता नसलेला, कोणा परदेशी प्रवाशाने आणून विकलेला सिलिंडर कितीही चकचकीत असला तरी शासकीय पथकाने घेऊ नये. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख वाचण्याची सवय प्रत्येक भांडारपालाने लावून घ्यावी.

सिलिंडरमध्ये किती वेळाची हवा मावते, याचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येतो. १२ लिटर आकाराच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा मावते. त्यांतील ५० बार राखीव ठेवली तर १,८०० लिटर उरते. काम करणारा पाणबुडा मिनिटाला सुमारे २५ लिटर हवा घेतो असे धरू. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो; २० मीटरवर तो तिप्पट होतो आणि हवाही तिप्पट, म्हणजे मिनिटाला ७५ लिटर लागते. १,८०० ला ७५ ने भागले असता २४ मिनिटे येतात. उतरण्याचा, सावकाश वर येण्याचा आणि वर येताना थांबण्याचा वेळ वजा केला की प्रत्यक्ष शोधाला १५ ते १८ मिनिटे मिळतात. 'तासभर शोधा' असा आग्रह काठावरून धरणाऱ्या पुढाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

हवा कोण भरणार?

साधने विकत घेतली आणि ती कपाटात राहिली, असे का घडते? बहुधा सिलिंडर भरण्याची सोय जवळ नसते म्हणून. श्वासाची हवा भरणारा कॉम्प्रेसर पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरपेक्षा सर्वस्वी वेगळा असतो. ईएन १२०२१ या प्रमाणकानुसार श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ५ भागांहून अधिक आणि तेलाचा अंश घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. खोलीवर दाब वाढतो तसे विषारी वायूचे परिणामही वाढतात. खडी क्रशरच्या धुळीत किंवा नगर रस्त्याच्या धुरात कॉम्प्रेसरचे तोंड उघडे ठेवले तर सर्वोत्तम कंपनीचा रेग्युलेटरही पाणबुड्याला वाचवू शकणार नाही. जर्मनीच्या बाउअर कंपनीचे कॉम्प्रेसर या कामात जगभर वापरले जातात आणि तिची भारतीय शाखा पुणे परिसरात आहे. जवळ मिळणारी दुरुस्ती म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण. अग्निशमन दलाकडे धुरात वापरावयाच्या श्वसनसंचांसाठी असे कॉम्प्रेसर असतात. त्यांची हवा तपासून, योग्य जोडणी करून, तेथेच पाणबुड्यांचे सिलिंडर भरण्याची व्यवस्था केल्यास स्वतंत्र कॉम्प्रेसरचा खर्च वाचतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. धुरात वापरावयाचा अग्निशमनाचा श्वसनसंच घालून पाण्यात उतरता येत नाही. तो त्या कामासाठी केलेला नाही. आणि रुग्णालयातील शुद्ध ऑक्सिजन भरून पाणबुड्याला देणे हे तर प्राणघातक ठरू शकते. सुमारे ६ मीटर खोलीच्या खाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा काम करतो आणि माणसाला पाण्यातच झटके येतात. पाणबुड्याला स्वच्छ, कोरडी, साधी हवाच द्यावयाची.

तुलना कशी मांडावी?

शासकीय खरेदीत तपशील लिहिताना विशिष्ट कंपनीचे नाव सामान्यतः घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने खरेदीची कार्यपद्धती घालून दिली आहे. परंतु नाव घालता येत नाही म्हणून 'स्कूबा संच, नग २' एवढेच लिहिले, तर सर्वांत स्वस्त आणि बहुधा पर्यटनासाठी केलेला संच पदरात पडतो. गुणांचे वर्णन जितके नेमके, तितकी तुलना न्याय्य होते. पूर्ण बंद पडद्याचा समतोल पहिला टप्पा, ईएन २५०, डिन जोडणी, मान्यताप्राप्त सिलिंडर, उंचीचा हिशेब करणारा संगणक, सुट्या भागांचा किमान १० वर्षे पुरवठा, राज्यात प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून दुरुस्ती, दुरुस्तीच्या काळात बदली संच, आणि वापराचे प्रशिक्षण. या बाबी लिहिल्या की वर सांगितलेल्या कंपन्यांपैकी अनेकींचे नमुने त्यांत बसतील आणि उरलेली तुलना किमतीवर करता येईल.

किंमतही एका दिवसाची धरू नये. बहुतेक कारखानदार वर्षातून एकदा रेग्युलेटरची तपासणी आणि ठरावीक मुदतीने आतील भाग बदलण्यास सांगतात. समजा, एका संचाची किंमत १०० आहे आणि त्याची दुरुस्ती राज्यातच होऊन वर्षाला १० खर्च येतो. दुसऱ्याची किंमत ८० आहे. पण तो दूर पाठवावा लागतो आणि वर्षाला २० खर्च येतो. दहा वर्षांनी पहिल्याला २०० आणि दुसऱ्याला २८० पडले. शिवाय दुसरा दरवर्षी काही आठवडे जागेवर नव्हता, आणि दुर्घटना संचाच्या सोयीने घडत नाही. रेग्युलेटरचे नाव कोणतेही असो, ज्याची दुरुस्ती आपल्या आवाक्यात आहे आणि ज्यावर आपल्या माणसाचा हात बसला आहे, तो आपल्यासाठी उत्तम होय.

आणखी एक दक्षता. एका पथकाने एकाच बनावटीचे, एकाच मांडणीचे संच घ्यावेत. अंधारात हात सवयीने फिरतो. राखीव नळी एका संचात उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे असेल, तर चाचपडणाऱ्या हाताला ती सापडत नाही. देणगीदारांकडून निरनिराळ्या बनावटीचे संच स्वीकारण्यापेक्षा त्यांच्याकडून एका ठरलेल्या संचासाठी रक्कम घेणे हिताचे.

माणसाशिवाय साधन नाही

संच किती घ्यावेत? एक पाणबुडा पाण्यात, एक दोरवाला काठावर, एक पाणबुडा पूर्ण पोशाखात तयार आणि एक प्रमुख, एवढी माणसे नसतील तर पाण्यात उतरू नये. पहिला अडकला तर दुसऱ्याने ताबडतोब उतरावयाचे असते. म्हणून एकच संच घेण्यापेक्षा तो न घेणे बरे. एकट्या संचाने शोध घेणाऱ्या माणसाला सोडवायला कोणी नसते. ज्या गावाला दोन पूर्ण संच, चार प्रशिक्षित माणसे आणि नियमित सराव परवडत नाही, त्याने शेजारच्या गावांबरोबर किंवा तालुक्याच्या पातळीवर एकत्र यावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. त्याच्या आराखड्यात अशा पथकाची नोंद असावी. पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे. तिला केव्हा आणि कोणामार्फत बोलवावयाचे, हे आधीच लिहून ठेवलेले असले म्हणजे घटनेच्या दिवशी फोन शोधण्यात वेळ जात नाही.

प्रशिक्षणासाठी राज्याबाहेर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्ली येथे आहे. तेथील समुद्रात प्राथमिक धडे घेता येतात. मात्र पर्यटकाचे प्रमाणपत्र हे शोधपथकाचे प्रमाणपत्र नव्हे. अंधारातील, दोराला बांधून करावयाच्या शोधाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते आणि दर महिन्याला सराव करून ते टिकवावे लागते. पथक निवडताना गावोगावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना विसरू नये. दम रोखून बुडी मारणारी आणि गळ टाकून शोध घेणारी ही माणसे आजवर कोणत्याही संचाशिवाय, पुष्कळदा कोणत्याही मोबदल्याशिवाय, लोकांच्या दुःखाला धावून गेली आहेत. त्यांना पाण्याची जाण आहे. त्यांना शिक्षण, साधन, विमा आणि मानधन देणे हे शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या कर्तव्यात मोडते. त्यांच्या जिवाची किंमत शोधावयाच्या देहापेक्षा कमी नाही. वाचविण्यासारखा जीव पाण्यात उरलेला नसेल तर घाई करून दुसरा जीव धोक्यात घालू नये, हे पथकप्रमुखाने शोकाकुल जमावासमोरही ठामपणे सांगितले पाहिजे. त्या वेळी तहसीलदार, पोलीस पाटील आणि सरपंच यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

बंधुभगिनींनो, आपल्या गावी परतल्यावर तीन कामे करावीत, अशी माझी विनंती आहे. आपल्या हद्दीतील पाण्याने भरलेल्या प्रत्येक खाणीची, शेततळ्याची आणि उघड्या विहिरीची यादी करून तिची खोली व उतरण्याची जागा नोंदवावी. प्रत्येक ठिकाणी दोर आणि तरंगती कडी पुढच्या पावसाळ्यापूर्वी लावावी आणि ती जागेवर आहे की नाही, हे दर पंधरवड्याला पाहण्याचे काम एका माणसाकडे नावानिशी सोपवावे. आणि पाणबुड्यांच्या साधनांची मागणी आलीच, तर माहितीपत्रक उघडण्यापूर्वी कागदावर चार प्रश्न लिहावेत : आमचे पाणी कसे आहे, उतरणारा माणूस कोण आहे, हवा कोठे भरणार आणि दुरुस्ती कोण करणार. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की कंपनीचे नाव ठरविणे अवघड राहत नाही. ती मिळाली नाहीत, तर खरेदी थोडी लांबवावी. दोर आणि कडी मात्र उद्याच आणावी.